शिलाँगचं घरचं संगीत

मी मूळचा मिरजेचा. सैन्यात बत्तीस वर्षं काढली, ती सगळी सिग्नल्समध्ये. गाता मला येत नाही, आणि गिटार हातात दिली तर ती रायफलसारखी धरतो. तरीही आज शिलाँगच्या रॉक संगीतावर बोलणार आहे. त्या गावात माझं दोनदा पोस्टिंग झालं. १९८६ ते ८९ कॅप्टन असताना, आणि पुन्हा २००६ ते ०८ कर्नल म्हणून. दोन्ही वेळा माझ्या बऱ्याच संध्याकाळी पत्र्याच्या छपराखाली, कुठल्या तरी बँडच्या सरावाला बसून गेल्या. माझ्या बॅचमेट्सना याचं अजून हसू येतं.

शिलाँग म्हटलं की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, पाऊस. दुसरी, 'भारताची रॉक राजधानी'. पाऊस खरा आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल माझी थोडी तक्रार आहे, तिच्याकडे वळेनच.

मी तिथे गेलो तेव्हा पाश्चात्त्य संगीत म्हणजे मेसमधला डिनर नाइटचा बँड, एवढंच माझं ज्ञान. मिरजेत लहानपण गेलं ते सतारमेकर गल्लीच्या आसपास. भोपळे वाळत घातलेले, तंबोऱ्याला तारा चढवताना होणारा तो आवाज, दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीची गाणी. त्यामुळे गाणं कळत नसलं तरी वाद्य दुरुस्त करणाऱ्या माणसाला गाण्याच्या घरात मागल्या दाराने प्रवेश असतो, हे मला ठाऊक होतं. शिलाँगमध्येही तसंच झालं.

लाइतुमख्रा हा तिथला कॉलेजांचा, दुकानांचा भाग. तिथे एक 'जा बाद शा'चं छोटं दुकान होतं. जा म्हणजे भात, शा म्हणजे चहा. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे काँग म्हणायचे. काँग म्हणजे मोठी बहीण. आपल्या मिरजेकडे अक्का म्हणतात तसं. मी चहाला जायचो. एकदा काँगने विचारलं, 'तुम रेडिओवाला फौजी ना?' शिलाँगच्या हिंदीत मला 'आप' फारसं कधी ऐकू आलं नाही. सगळे सगळ्यांना तुम. मी हो म्हटलं. तिच्या भाच्याचा अँप्लिफायर जळला होता. पुढच्या रविवारी मी माझा सोल्डरिंग आयर्न आणि मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. दोन्ही स्वतःच्या पैशाने घेतलेले होते, हे आधी सांगून टाकतो, कारण श्रोत्यांत ऑडिटवाले असू शकतात.

घर जुन्या आसाम पद्धतीचं. लाकडी सांगाडा, त्यात इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या भिंती, वर चुन्या-मातीचा गिलावा आणि माथ्यावर पत्रा. १८९७च्या १२ जूनला जो प्रचंड भूकंप झाला, त्यात शिलाँगची दगडी घरं कोसळली, आणि त्यानंतर तिथे हलक्या घरांचीच पद्धत पडली. भूकंपासाठी हे बांधकाम उत्तम, पण रॉक बँडसाठी तितकं नाही. त्या भिंती आवाज अडवत नाहीत. आत कोण चुकलं ते चौथ्या घरातल्या म्हातारीला कळतं, आणि ती दुसऱ्या दिवशी बाजारात सांगते. ड्रमवर चादरी टाकलेल्या असायच्या. जोराचा पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज व्हायचा की सराव थांबवून सगळे सुपारी खात बसायचे. क्वाइ म्हणतात तिला, ओली सुपारी आणि चुना लावलेलं पान. खासी घरात पाहुण्याला पहिली ती मिळते. मला पहिल्या खेपेला घाम फुटला होता.

तो अँप्लिफायर म्हणजे आहुजाचा साधा लाऊडस्पीकरवाला अँप. आपल्याकडे सत्यनारायणाला लावतात, तोच. त्याला कोणी तरी गिटारसाठी वेगळी जोडणी करून दिली होती. आवाज फाटण्याचं सर्किट एका तंबाखूच्या डब्यात बसवलेलं. गिटार कोलकात्याची, गिव्हसन. संध्याकाळी गावात शेगड्या पेटल्या की व्होल्टेज घसरायचं. माझ्या मीटरवर मी १६५ पाहिलेलं आहे. त्यात अर्थिंग नावाची गोष्ट नव्हती. गिटार एका अँपला, माईक दुसऱ्याला, आणि दोन्ही अँप वेगवेगळ्या प्लगवर. गाणाऱ्या मुलाचा हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माईकच्या जाळीला टेकले की सटकन झटका बसायचा. म्हणून त्याने माईकला उशीतला स्पंज दोऱ्याने बांधला होता. मला वाटलं, ही स्टाइल असेल. तो म्हणाला, 'नाही, करंट लागतो.' मी सगळ्याला एकच अर्थ दिला, अंगणात पाइप ठोकून. झटका गेला, पन्नास हर्ट्झची घरघरही बरीच कमी झाली. त्या दिवसापासून मी त्या घरचा. कुठल्याही बँडला आवाजाची अडचण आली की निरोप यायचा. आधी 'कॅप्टन' म्हणायचे, मग 'बाह' म्हणायला लागले. बाह म्हणजे दादा.

आता ही मुलं हे संगीत शिकली कुठे? मला वाटलं होतं, कॉन्व्हेंट शाळा, इंग्रजी चित्रपट, झालं. पण त्या घरात पाच-सहा महिने बसल्यावर वेगळंच दिसलं. रविवारी सकाळी ही चारही पोरं चर्चमध्ये गात असत. १८४१ साली थॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी सोहऱ्याला, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चेरापुंजीला आला. खासी भाषा रोमन लिपीत लिहिण्याचं काम त्याने सुरू केलं. वेल्श लोकांनी सोबत आणली ती समूहगायनाची रीत. आपण आरतीला पन्नास माणसं असलो तरी एकच चाल एकाच सुरात म्हणतो, निदान तसा प्रयत्न करतो. तिथे आजी वरचा सूर धरते, मामा खालचा, मधले दोन घरातले इतर वाटून घेतात. स्वरलिपी म्हणजे डो-रे-मीची नुसती अक्षरं. आपल्या सारेगमसारखीच, पेटी शिकणारा कोणीही वाचू शकेल. त्या घरात लोणच्याची बरणी मागायचं बोलणंही दोन सुरांत होतं की काय, असं मला वाटायचं.

यात पलटणींचे बँड मिसळले. हॅपी व्हॅलीत आसाम रेजिमेंटचं केंद्र आहे, गुरख्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. आसाम रेजिमेंट १९४१ साली शिलाँगमध्येच उभी राहिली. तिचं 'बदलूराम का बदन' हे गाणं आता सगळ्यांनी व्हिडिओवर पाहिलंय. जवान बेभान होऊन म्हणतात. त्याची चाल अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या 'जॉन ब्राउन्स बॉडी'ची आहे. म्हणजे अमेरिकन चाल, हिंदी शब्द, गाणारे ईशान्येचे जवान, आणि गाणं सैन्याचं. कोणी त्याला परदेशी म्हणालेलं मी ऐकलेलं नाही.

आणि रेडिओ. हा माझा विषय, म्हणून जरा जास्त बोलतो. आकाशवाणीचं कर्सियांग केंद्र दार्जिलिंगच्या डोंगरात. तिथून इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रम लागायचे आणि शॉर्टवेव्हवर ईशान्येच्या खोऱ्याखोऱ्यांत ऐकू यायचे. शॉर्टवेव्हचा सिग्नल वरच्या वातावरणातल्या थरावर आपटून खाली येतो. म्हणून तो येतो, जातो, मध्येच विरतो. त्या पोरांनी कितीतरी गाणी अशी विरत जाणारीच शिकली होती. एका गाण्यातला मधला भाग कुणालाच नीट ऐकू आला नव्हता, तर त्यांनी तो स्वतः रचला. दोन वर्षांनी मूळ कॅसेट मिळाली तेव्हा सगळ्यांचं म्हणणं पडलं की आपलाच बरा आहे. मीही त्याच मताचा.

त्यांच्या आधीची पिढी होतीच. १९७०-७१च्या सुमाराला 'सिमला बीट' नावाची बँडची स्पर्धा व्हायची, सिगारेटच्या ब्रँडच्या नावाने. तिच्या लाँगप्ले रेकॉर्डवर मुंबई, बंगलोर, कलकत्ता, मद्रासच्या बँडबरोबर शिलाँगचा फेनटोन्स आहे. आणि लू माजॉ. साठच्या दशकात हा माणूस कोलकात्यात वाजवत होता, तिथे त्याने बॉब डिलन ऐकला, आणि १९७२पासून दर २४ मेला शिलाँगमध्ये डिलनचा वाढदिवस गाण्याने साजरा करू लागला. १९७२ म्हणजे मेघालय राज्य झालं ते साल. राज्याचं आणि या कार्यक्रमाचं वय एकच. हाफ पँट, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, खांद्यावर केस. डिलनला २०१६मध्ये नोबेल मिळालं तेव्हा पत्रकार धावत याच्याकडे गेले. पण त्याआधीची चाळीसहून अधिक वर्षं हे कोणी सांगितलेलं नसताना चालू होतं. आपल्याकडे गावोगाव एखाद्या बुवांची पुण्यतिथी असते, मांडव नसला तरी कोणाच्या तरी ओसरीवर भजन होतंच. मला ते त्यातलंच वाटलं.

आता १९८७. हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ते साल शिलाँगला वाईट गेलं. 'बाहेरच्यां'विरुद्ध आंदोलन पेटलं होतं. खासीत बाहेरच्याला द्खार म्हणतात. त्यामागे खरी भीती होती. छोटा समाज, छोटी जमीन, आपण आपल्याच गावात अल्पसंख्य होऊ ही धास्ती. ती मला समजत होती. पण मार बसला तो बहुतेक वेळा गरिबांना, आणि त्या वर्षी नेपाळी लोकांना. संचारबंदी लागली, उठली, परत लागली. माझ्या युनिटचा त्या बंदोबस्ताशी संबंध नव्हता, पण युनिफॉर्म तो युनिफॉर्म. रस्त्यात काँगच्या दुकानासमोरून गेलो तर मुलं गप्प व्हायची. मीही द्खार, आणि वर सरकारी.

संचारबंदी दिवसा शिथिल होती तेव्हा एका दुपारी मी सरावाला गेलो. एक नवा मुलगा होता, कोणाचा तरी मावसभाऊ. तो सरळ म्हणाला, 'तुम्ही ऐकायला येता, की लिहून घ्यायला?' खोलीत कोणी बोललं नाही. माझ्या हातात वही होतीच. ती मी त्याला दिली. त्यात तारीखवार व्होल्टेज लिहिलेलं होतं, कुठल्या प्लगवर किती. त्याने दोन पानं चाळली आणि म्हणाला, 'गुरुवारी इतकं कमी का?' मग त्यावर चर्चा सुरू झाली. हा विनोद नव्हता. त्या वेळी त्याने माझ्यावर विश्वास ठेवायचं काहीच कारण नव्हतं, आणि त्याने विचारलं ते बरंच केलं.

त्या बँडचा ड्रमर नेपाळी होता. वडील सैन्यातले पेन्शनर. शिलाँगमध्ये जन्म, खासी माझ्यापेक्षा शंभर पट चांगली, अर्थात माझी शून्य असल्यामुळे यात फार काही सांगितलं असं नाही. एका आठवड्यात त्यांच्या वस्तीतल्या दोन-तीन घरांना आगी लागल्या. गिटार वाजवणाऱ्या मुलाच्या आजीने त्या ड्रमरला, त्याच्या आईला आणि दोन बहिणींना घरी आणून ठेवलं. अकरा दिवस. खासी समाजात घर आईकडून मुलीकडे जातं, सगळ्यात धाकट्या मुलीकडे. तर ते घर आजीचं होतं आणि तिथे शब्द तिचा चालायचा. दोघं-तिघं मोहल्ल्यातले येऊन विचारून गेले म्हणे. ती म्हणाली, माझ्या घरी कोण राहतं ते माझं मी बघते.

त्या अकरा दिवसांत मी एकदाच जाऊ शकलो. सराव चालला होता. वीज होती, पण अँप लावला नव्हता. आवाज बाहेर गेला तर ड्रमर आत आहे हे कळलं असतं. गिटारवाला नुसत्या तारांवर, आणि ड्रमर जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर दोन काड्या घेऊन. त्यांच्याकडे दोन तासांत तीन शब्द बोलणं झालं नसेल. पण तालातली एक जागा जमत नव्हती, ती त्यांनी वीस-बावीस वेळा केली, जमेपर्यंत.

पुढे गाव शांत झालं. ते कुटुंब मात्र थांबलं नाही. वडिलांनी सिलिगुडीला जागा घेतली आणि सगळे गेले. बँडला ड्रमर मिळेना. १९८८च्या हिवाळ्यात बँड बंद पडला. कोणी भांडलं नाही, संपवलं असंही कोणी म्हणालं नाही. रविवारी कोणी आलं नाही, एवढंच. मला कोणी 'संगीत माणसांना जोडतं' असं म्हटलं की मी गप्प बसतो. त्या घरात ते जोडलेलं मी पाहिलंय. रस्त्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही, हेही पाहिलंय.

दुसऱ्या पोस्टिंगला गेलो तेव्हा गावात गाड्यांची रांग लागलेली आणि गाण्याचा बोलबाला झालेला. रूडी वॉलांग आणि टिप्रिती खारबांगर यांनी २००३मध्ये सोलमेट सुरू केलं होतं. ब्लूज वाजवतात, २००७मध्ये मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत जाऊन आले. रूडीचे वडील टोटो वॉलांग तेही वादक. पुन्हा तेच, गाणं घरातून घरात. नील नाँगकिनरिह यांनी २००१मध्ये शिलाँग चेंबर क्वायर उभं केलं, जे २०१० साली टीव्हीवर जिंकल्यावर देशाला कळलं. ते २०२२च्या जानेवारीत गेले. आणि २००७मध्ये खुद्द स्कॉर्पियन्स शिलाँगला आले. मी गेलो होतो, साध्या कपड्यांत. थंडी कडाक्याची. आपल्याकडच्या मैफलीत लोक दाद देतात. तिथे हजारो लोक प्रत्येक शब्द गात होते, आणि माझ्या शेजारच्या बायकांचा घोळका चक्क वरचा-खालचा सूर वाटून घेऊन. चर्चची सवय कुठे जाणार.

तिथेच तो गिटारवाला भेटला. पोट सुटलेलं, शाळेत शिक्षक. रात्री दोन वाजेपर्यंत बोललो. त्याने एक गोष्ट सांगितली. नव्वदीच्या दशकात तो दुसऱ्या एका बँडबरोबर एका मोठ्या शहरात कॉलेजच्या कार्यक्रमाला गेला. लॉजवाल्याने पासपोर्ट मागितला. यांनी मतदार ओळखपत्र दाखवलं तर म्हणाला, हे कुठलं? रात्र स्टेशनवर काढली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात निवेदकाने ओळख करून दिली, 'हे अगदी परदेशी बँडसारखं वाजवतात.' टाळ्या पडल्या. तो मला म्हणाला, 'बाह, लॉजवाला आणि तो निवेदक एकच बोलत होते.'

रॉक राजधानीबद्दलची माझी तक्रार ती हीच. कौतुक म्हणून आपण जे म्हणतो, त्यात 'तुम्ही आमच्यातले नाही' हे गुपचूप बसलेलं असतं. आता आपल्या घरात बघा. पेटी, म्हणजे हार्मोनियम, युरोपातून आली. बालगंधर्वांच्या नाटकात ऑर्गन वाजायचा, पायाने भाता मारायचा तो, तोही तिकडचाच. व्हायोलिन तिकडचं. लग्नातला ब्रास बँड इंग्रजी पलटणींचा. नाट्यसंगीत पाश्चात्त्य आहे असं कोणी मला सांगलीत म्हणून दाखवावं. तीन-चार पिढ्या एखादी गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकली की ती घरची होते. खासी घरात इंग्रजी सुरावट त्याहून जुनी आहे.

आणि ते नुसतं इंग्रजीतच गातात असंही नाही. दुइतारा हे त्यांचं तारवाद्य, क्सिंग हा ढोल. समरसॉल्टसारखा बँड खासी शब्द आणि हे आवाज घेऊन उभा राहिला. 'रॉक ऑन २' या २०१६च्या चित्रपटात तुम्ही त्यांना ऐकलं असेल. पण पैसा? तो फार थोड्यांना मिळाला. मी ओळखतो त्यांतले निम्मे शिक्षक, कारकून, दोघं टॅक्सीवाले. एक व्यसनात गेला, हेरॉइन. त्याच्याबद्दल घरच्यांनी न बोलण्याचं ठरवलं आहे, म्हणून मीही थांबतो.

ड्रमर सिलिगुडीत मंडप आणि साउंडचा धंदा करतो. शिलाँगला परत आला नाही. मी फोन करतो. गिटारवाल्याचा विषय निघाला की 'आजी कशी होती' एवढं विचारतो, ती जाऊन वीस वर्षं झाली तरी.

आजीचं घर धाकट्या मावशीकडे गेलं आणि तिच्याकडून तिच्या मुलीकडे. इकऱ्याच्या भिंती पाडून तिथे सिमेंटची तीन मजली इमारत झाली आहे. त्या मुलीची मुलगी आता बास गिटार वाजवते, तळमजल्याच्या खोलीत, दार लावून. वर्षापूर्वी मी गेलो तेव्हा तिने विचारलं, खोलीत आवाज घुमतो, त्याला काय करू? मी म्हटलं, भिंतींना जुन्या रजया लाव आणि दार उघडं ठेव. ती म्हणाली, दार उघडलं तर शेजारी ऐकतात. तिच्या आईने स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, 'मग चुकू नकोस.'

बरं, वेळ झाली. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. अर्थिंगबद्दल असेल तर आधी विचारा.